बर्फाच्या हॉटेलातील एका रात्रीची तयारी : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनच्या उत्तर भागातील युक्कासयार्वी या गावी बर्फाच्या खोलीत एक रात्र राहून आल्यापासून नातेवाईक, कार्यालयातील सहकारी, सोसायटीतील शेजारी आणि त्यांच्या ओळखीची मंडळी मला सातत्याने प्रश्न पाठवीत असतात. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गुंतलेला असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरे वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येईल: अशा रात्री माणसाला थंडीपेक्षा ओल अधिक छळते. घामाची ओल, श्वासाची ओल, न वाळलेल्या केसांची ओल टाळता आली, तर उरलेली थंडी सोसण्याजोगी असते.

१. बर्फाचे हॉटेल म्हणजे नेमके काय? पलंगसुद्धा बर्फाचाच असतो का?

भिंती, छत, खांब आणि पलंगाचा चौथरा हे सर्व खरोखरच बर्फाचे असते. युक्कासयार्वीच्या आइसहॉटेलसाठी मार्चच्या सुमारास टोर्ने नदीच्या गोठलेल्या पात्रातून बर्फाचे मोठे ठोकळे कापून काढतात आणि उन्हाळाभर शीतगृहात जपून ठेवतात. वाहत्या नदीचा बर्फ सावकाश गोठतो व त्यात हवेचे बुडबुडे फारसे अडकत नाहीत, त्यामुळे तो काचेसारखा नितळ असतो. हिवाळा सुरू झाला की कमानीच्या आकाराच्या धातूच्या साच्यांवर ‘स्नाइस’ नावाचे, भुसभुशीत हिम आणि टणक बर्फ यांच्या मधल्या प्रतीचे दाट मिश्रण फवारतात, आणि ते घट्ट झाल्यावर साचे काढून घेतात. आतील कोरीव काम देशोदेशीचे कलाकार करतात. वसंतात ही इमारत वितळून तिचे पाणी पुन्हा नदीत जाते, आणि पुढच्या हिवाळ्यात नव्याने बांधकाम होते. १९८९-९० च्या हिवाळ्यापासूनची ही परंपरा आहे.

आपण मात्र थेट बर्फावर झोपत नाही. चौथऱ्यावर गादी असते, गादीवर रेनडियरची कातडी अंथरलेली असतात आणि त्यांवर आपली स्लीपिंग बॅग येते. कातड्याविषयी वेगळी शंका असल्यास प्रश्न १४ पाहावा.

२. पुण्यात पारा ८ अंशांवर आला तरी आम्ही काकडतो. मग तेथे झोप कशी लागणार?

युक्कासयार्वीच्या बर्फाच्या खोल्यांत तापमान साधारण उणे ५ ते उणे ८ अंश सेल्सिअस असते. तुलनेसाठी सांगायचे, तर आपल्या घरच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ही खोली त्याहून बरीच उबदार असते. पुण्यात नोंदले गेलेले नीचांकी तापमान १.७ अंश असून ते १७ जानेवारी १९३५ चे आहे. त्यामुळे गोठणबिंदूखालच्या रात्रीचा अनुभव या शहरात कोणालाच येत नाही, आणि भीती वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु दोन बाबी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे हिमात हवेचे असंख्य सूक्ष्म कण कोंडलेले असतात आणि ही कोंडलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. म्हणून बाहेर उणे ३० अंश झाले, तरी आतील तापमान जवळजवळ स्थिर राहते, आणि आत वारा मुळीच नसतो. दुसरी बाब आपल्या सवयीची आहे. पुण्याच्या थंडीत आपण सुती कपड्यांवर एखादा स्वेटर चढवतो, गार लादीवर अनवाणी चालतो, खिडक्या उघड्या ठेवतो आणि मग हुडहुडी भरली असे म्हणतो. तेथे अंगावरचे प्रत्येक वस्त्र थंडीसाठीच निवडलेले असते. स्लीपिंग बॅगेत शिरल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत अंग गरम झाले आणि गार राहिले ते फक्त नाकाचे टोक, हा माझा अनुभव आहे.

३. अशी हॉटेले कोणकोणत्या देशांत आहेत? भारतात काही सोय आहे का?

स्वीडनमधील आइसहॉटेल सर्वांत जुने व सर्वांत प्रसिद्ध आहे. नॉर्वेत आल्टाजवळ सोरिसनिवा, फिनलंडमध्ये लॅपलंड भागातील हिमाची हॉटेले, कॅनडात क्वेबेक शहराजवळ २००१ पासून दर हिवाळ्यात उभे राहणारे ओतेल द ग्लास आणि रुमानियाच्या डोंगरांतील बालेआ सरोवराकाठचे हॉटेल ही आणखी काही ठिकाणे आहेत. सगळीकडची मूळ कल्पना एकच असली, तरी खोलीचे तापमान, भाड्यात समाविष्ट असलेले कपडे आणि लहान मुलांविषयीचे नियम वेगवेगळे असतात. पुढील उत्तरांत मुख्यतः स्वीडनचा आधार घेतला आहे.

भारतात मनालीजवळील सेथन येथे हिवाळ्यात हिमाच्या इग्लूंमध्ये मुक्काम करता येतो. परदेशी जाण्याआधी स्वतःची सहनशक्ती अजमावण्यासाठी तो चांगला पर्याय आहे आणि खर्चही बराच कमी येतो. मात्र बर्फाच्या खोल्यांशेजारची उबदार इमारत, स्नानगृहे आणि रात्रभर जागे असणारे कर्मचारी यांची तुलना युरोपातील हॉटेलांशी करू नये.

४. कोणता महिना निवडावा?

युक्कासयार्वीतील हिवाळी इमारत डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खुली असते. डिसेंबरमध्ये तेथे सुमारे तीन आठवडे सूर्य क्षितिजावर येतच नाही, आणि दुपारी केवळ निळसर संधिप्रकाश असतो. तो विलक्षण सुंदर असला, तरी घरातील ज्येष्ठांना त्याने उदास वाटू शकते. जानेवारी-फेब्रुवारीत कडाक्याची थंडी असते. प्रथमच जाणाऱ्या पुणेकर कुटुंबास मी मार्चचा पहिला पंधरवडा सुचवतो, कारण दिवस मोठा झालेला असतो, उत्तरेकडील आकाशातील रंगीत प्रकाश दिसण्याइतकी रात्र अंधारी असते आणि बर्फाचे कोरीव काम अद्याप रेखीव असते. शाळांच्या मे महिन्यातील सुट्टीविषयी प्रश्न २१ पाहावा.

५. पुण्याहून तेथे पोहोचायचे कसे? व्हिसाला किती वेळ लागतो?

बहुतेक जण मुंबई किंवा दिल्लीहून निघून, आखाती देशांत अथवा युरोपात विमान बदलून स्टॉकहोमला पोहोचतात. तेथून किरुना हे अंतर विमानाने सुमारे दीड तासाचे असून रात्रभराच्या रेल्वेनेही जाता येते. किरुनापासून हॉटेल अगदी जवळ आहे.

स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आता रुमानिया हे देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात. व्हिसासाठीचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, परंतु हिवाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरत असल्याने दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा अनिवार्य आहे. तो काढताना कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाइल यांसारख्या हिमावरील खेळांतील दुखापतीचा त्यात समावेश आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. कॅनडासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो.

६. एवढ्या लांब जायचे, तर बर्फाच्या खोलीत तीन-चार रात्री का राहू नये?

एकच रात्र राहावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. बर्फाची खोली हा अनुभव आहे, मुक्कामाची जागा नव्हे: तेथे बसून गप्पा मारता येत नाहीत, सामान मांडता येत नाही, कपडे वाळवता येत नाहीत. शिवाय दिवसा या खोल्या पाहण्यासाठी पर्यटक येतात, त्यामुळे खोलीचा ताबा प्रत्यक्षात संध्याकाळनंतरच मिळतो. पुण्यातील एका सहल आयोजकाने माझ्या परिचयातील एका दांपत्याला बर्फाच्या सलग तीन रात्री विकल्या होत्या. दुसऱ्या रात्री दोघेही थकून गेले आणि तिसऱ्या रात्रीसाठी त्यांना स्वतःच्या खर्चाने उबदार खोली घ्यावी लागली.

पहिल्या दिवशी थेट बर्फाच्या खोलीत जाणेही योग्य नाही. स्वीडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, आणि प्रवासाने शिणलेले शरीर ऊब नीट राखू शकत नाही. पहिली रात्र उबदार खोलीत, दुसरी बर्फात आणि तिसरी पुन्हा उबदार खोलीत, हा क्रम उत्तम.

७. कपडे नेमके कोणते घ्यावेत? जितके जास्त, तितके चांगले ना?

नाही. कपड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा त्यांचे थर समजून घेणे महत्त्वाचे आहे. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर टाकणारा असावा: मेरिनो लोकरीचे थर्मल सर्वोत्तम, आणि ते परवडत नसल्यास कृत्रिम धाग्याचे चालतात. मधला थर ऊब कोंडून ठेवणारा असावा, म्हणजे फ्लीसचे किंवा लोकरीचे जाड वस्त्र. सर्वांत बाहेरचा थर वारा व हिम अडवणारा असावा. आइसहॉटेलसारख्या ठिकाणी हा बाहेरचा पोशाख, बूट व जाड हातमोजे पाहुण्यांना वापरण्यास देतात, पण आपल्या हॉटेलात तसे आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे, कारण त्यावर आपली बरीच खरेदी अवलंबून असते.

सुती वस्त्र मात्र अंगालगत एकही नसावे. बनियन, अंतर्वस्त्रे, पायमोजे हे सर्व यात आले. सूत घाम पिते आणि तो धरून ठेवते, आणि ओले सूत अंगातील ऊब सतत ओढून घेते. मी सवयीने थर्मलच्या आत सुती बनियन घातला होता. संध्याकाळी अंगण ओलांडताना आणि बर्फाच्या दालनांतून फिरताना आलेला थोडासा घाम त्या बनियनने धरून ठेवला, आणि पहाटे तीनच्या सुमारास पाठीच्या मधोमध तळहाताएवढी जागा गार पडल्याने मला जाग आली. बाकीचे सारे अंग गरम असताना तो एक ओला तुकडा झोप मोडण्यास पुरेसा ठरला. बॅगेतल्या बॅगेत बनियन काढून टाकल्यावर पुढचे तीन तास शांत झोप लागली.

पायांबाबतही हेच तत्त्व आहे. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला, तर रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिक गार पडतात. आत पातळ आणि बाहेर जाड लोकरी मोजा घालून बोटे मोकळी हलतील एवढी जागा राहिली पाहिजे. म्हणून बूट स्वतःचे घेणार असाल, तर ते जाड मोज्यांसह घालून पाहावेत आणि निघण्यापूर्वी पर्वतीच्या पायऱ्या किंवा सिंहगडाची वाट त्यांनिशी दोन-तीनदा चढून पाहावी.

८. हे सगळे पुण्यात मिळते का?

थर्मल, फ्लीस, लोकरी मोजे, कानटोपी आणि गळ्याभोवतीचा गोल पट्टा हे सर्व खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळते. लक्ष्मी रस्त्यावर थर्मल मिळतात, परंतु त्यांतील अनेक सुतीमिश्रित असतात, म्हणून आतल्या पट्टीवरील धाग्यांचे प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नयेत. पुण्यात हिमालयात जाणाऱ्या गिर्यारोहकांची संख्या मोठी असल्याने ओळखीत कोणाकडे तरी चांगले जाकीट नक्की असते. एका रात्रीसाठी महागडी खरेदी करण्यापेक्षा ते मागून घ्यावे.

९. झोपताना अंगावर काय ठेवायचे? सगळे कपडे घालूनच बॅगेत शिरायचे का?

जाकीट, जाड पँट, स्वेटर असे सर्व घालून बॅगेत शिरणे ही पुण्याहून येणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक ठरते. स्लीपिंग बॅग स्वतः ऊब निर्माण करीत नाही, शरीराची ऊब ती आपल्या अस्तरात कोंडून ठेवते. जाड कपड्यांनी बॅग आतून ठासली गेली, की अस्तर दबते आणि त्यातील हवा निघून जाते. शिवाय पहिल्या अर्ध्या तासातच घाम येतो, आणि मग प्रश्न ७ मध्ये सांगितलेली गत होते. कोरडे थर्मल, कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी एवढेच पुरते. दिवसभर घातलेले थर्मल घालून झोपू नये. झोपण्यासाठीचा जोड वेगळा ठेवून तो उबदार इमारतीत शेवटच्या क्षणी घालावा.

बॅगेत शिरताना शरीर आधीच गरम असले पाहिजे. रात्रीचे जेवण पोटभर करावे, गरम सूप घ्यावे आणि खोलीकडे जाण्यापूर्वी दोन-चार मिनिटे भरभर चालावे, परंतु घाम येण्याच्या आत थांबावे. सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतील घामस्नान, घेतला असेल, तर पुरते वाळून, अंग शांत झाल्यावरच जावे.

गरम पाण्याची रबरी पिशवी नेण्याविषयी बरेच जण विचारतात. तिचे झाकण ठिबकले, तर बॅग ओली होते आणि मग ती रात्र सावरणे कठीण जाते, म्हणून मी ती सुचवत नाही. हात गरम ठेवणाऱ्या छोट्या पुड्यांतील लोहचूर्णाला तापण्यासाठी हवा लागते, त्यामुळे बंद बॅगेत त्यांचा उपयोग मर्यादित असतो, आणि त्या थेट त्वचेवर ठेवल्यास भाजू शकते.

१०. नाक गार पडते, तर तोंड बॅगेत घेऊन झोपले तर चालेल का?

चालणार नाही. श्वासातील बाष्प अस्तरात मुरते आणि पहाटेपर्यंत छातीजवळचा भाग दमट होतो. बॅगेची टोपी डोक्यावरून घेऊन दोरी ओढावी, नाक व तोंड बाहेर ठेवावे आणि नाकावर लोकरीचा पातळ पट्टा सैलसर घ्यावा.

११. रात्री लघवीला जावे लागले तर काय करायचे?

बर्फाच्या साध्या खोल्यांत स्वच्छतागृह नसते, त्यासाठी शेजारच्या उबदार इमारतीत जावे लागते. थंडीत लघवीची भावना नेहमीपेक्षा अधिक होते, त्यामुळे हा प्रश्न संकोच न करता आधीच विचारात घेतलेला बरा. जेवणानंतर चहा-कॉफी टाळावी, झोपायला जाण्याच्या अगदी आधी जाऊन यावे, आणि तरीही जाग आलीच तर सकाळपर्यंत कळ काढू नये, कारण त्या अवस्थेत झोप लागतच नाही. जाकीट व टोपी बॅगेजवळ हाताला लागतील अशी ठेवावीत. बूट बर्फाच्या जमिनीवर ठेवू नयेत, ते कातड्याच्या कडेवर ठेवावेत. परतल्यावर बॅग पुन्हा गरम होण्यास पाच मिनिटे लागतात, पण ती होते.

१२. खोलीला दार व कुलूप असते का? सामान कुठे ठेवायचे?

साध्या खोल्यांना दाराऐवजी पडदा असतो. सामान, पासपोर्ट व पैसे उबदार इमारतीतील कुलपाच्या कपाटात ठेवतात आणि खोलीत फक्त अंगावरचे कपडे व मोबाइल नेतात. पाण्याची बाटली गोठते, सुटकेसची चेन अडकते आणि ओला टॉवेल लाकडासारखा ताठ होतो, म्हणून काहीही जास्तीचे नेऊ नये. एकान्ताची अपेक्षा मात्र घरच्यासारखी ठेवू नये. शेजारच्या खोलीतील आवाज बर्फ बराच शोषून घेतो, तरी पडदा तो पडदाच.

१३. मोबाइल, कॅमेरा, चष्मा आणि लेन्स यांचे काय?

थंडीत बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते आणि चाळीस टक्के दाखवणारा मोबाइल अचानक बंद पडतो. तो आतल्या खिशात, अंगालगत ठेवावा व रात्री बॅगेत घ्यावा. कॅमेऱ्याला खरा धोका बाहेरून आत येताना असतो: गार काचेवर व आतील भागांवर उबदार हवेतील बाष्प जमते. त्यासाठी उबदार इमारतीत शिरण्यापूर्वीच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि तासाभराने बाहेर काढावा. हीच ओल चष्म्यावरही जमते, पण ती पुसता येते. कॉन्टॅक्ट लेन्स उबदार इमारतीतच काढून तेथेच ठेवाव्यात, कारण त्यांचे द्रावण खोलीत गोठेल.

१४. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. रेनडियरच्या कातड्यावर झोपणे मनाला पटत नाही. पर्याय आहे का?

ही शंका अनेक घरांतून, विशेषतः ज्येष्ठ स्त्रियांकडून येते, आणि ती गांभीर्याने घ्यावी असे मला वाटते. रेनडियरचा केस आतून पोकळ असतो, म्हणून खालून येणारी थंडी अडवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उत्तरेकडील सामी लोक शतकानुशतके रेनडियर पाळत आले आहेत आणि त्याच्या शरीराचा कोणताही भाग वाया न घालवणे हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे. तरीही ज्यांना नको असेल, त्यांनी आरक्षणाच्या वेळीच हॉटेलला लिहून कातड्याऐवजी जाड लोकरी घोंगड्या किंवा फोमची चटई मागावी. केवळ वर चादर टाकून समाधान होणार असेल, तर तेही चालते. गादीवर कसलेही आच्छादन न घेता झोपणे मात्र योग्य नाही, कारण रात्रीची बरीच थंडी खालून येते.

१५. शाकाहारी जेवण मिळेल का? घरून काय न्यावे?

स्वीडनमध्ये शाकाहार सर्वपरिचित आहे आणि आधी कळवल्यास जेवणाची अडचण येत नाही. घरून नेताना एक नियम पाळावा: युरोपीय संघात बाहेरील देशांतून प्रवाशांना मांस व दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, पनीर हे घरीच ठेवावे. चकली, शेंगदाण्याची चिक्की, भाजणीचे कडबोळे, मेतकूट असे कोरडे पदार्थ सोयीचे पडतात. झोपण्यापूर्वी चिक्कीचा एखादा तुकडा खाल्ल्यास शरीराला रात्री जाळायला इंधन मिळते.

१६. आई-वडील सत्तरीच्या आसपास आहेत. मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तर जावे का?

हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे, आणि तो विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी घ्यावा. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो, त्यामुळे हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी बर्फाच्या खोलीचा आग्रह धरू नये. गार, कोरडी हवा दम्याला चाळवू शकते, म्हणून इनहेलर अंगालगत उबेत ठेवावा आणि नाकातोंडावरून पट्टा घेऊन श्वास घ्यावा. इन्सुलिन एकदा गोठले, की वितळल्यानंतरही वापरता येत नाही. ते उबदार इमारतीत ठेवावे किंवा बॅगेत शरीराजवळ. रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र थंडीत चुकीचे आकडे देते अथवा चालतच नाही, त्यामुळे मोजणी उबदार इमारतीत करावी. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेही व्यक्तीला पाय गारठल्याचे कळणारच नाही, आणि म्हणून अशा व्यक्तीने बर्फात झोपू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

ज्येष्ठांसाठी एक चांगली तडजोड आहे. त्यांनी संध्याकाळी सर्वांसोबत बर्फाच्या खोल्या पाहाव्यात, चौथऱ्यावर बसावे, छायाचित्रे काढावीत आणि रात्री शेजारच्या उबदार खोलीत झोपावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबतही हीच व्यवस्था उत्तम. मुलांच्या वयाची अट प्रत्येक हॉटेलात निराळी असते.

१७. त्वचेला आणि केसांना काय लावावे? खोबरेल चालेल का?

पुण्याच्या थंडीत न्हाणीघरातील खोबरेलाची बाटली पांढरी व घट्ट होते, हे आपण दर डिसेंबरमध्ये पाहतो. ते साधारण २४-२५ अंशांखाली थिजते, तेव्हा तेथे ते बाटलीतून निघणारच नाही. ओठांसाठी व चेहऱ्यासाठी व्हॅसलिनसारखे मलम न्यावे. ते कोरडेपणासाठी आहे, हिमदंशापासून ते संरक्षण देत नाही, म्हणून ते लावून चेहरा उघडा ठेवण्याचे धाडस करू नये. केस सकाळीच धुवावेत. संध्याकाळी धुतलेले लांब केस मुळाशी दमट राहतात आणि कानटोपीखाली रात्रभर गार लागतात.

१८. थोडी ब्रँडी घेतली, तर ऊब राहील ना?

मद्याने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब आल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात आतील उष्णता वेगाने बाहेर जाते. बर्फाच्या पेल्यांतून पेये देणारा बार ही तेथील प्रसिद्ध गोष्ट आहे आणि त्याच पेल्यात मद्यविरहित पेयही मिळते. बर्फाचा पेला ओठांना चिकटू नये म्हणून हातमोज्यांनी धरून काही क्षण थांबावे.

१९. छत कोसळणार नाही ना? आत गुदमरायला होत नाही ना?

छताचा आकार कमानीचा असतो आणि आपल्या जुन्या वाड्यांतील व देवळांतील कमानींप्रमाणेच वरचा भार दोन्ही बाजूंनी जमिनीकडे उतरतो. हवेसाठी झरोके असतात. युक्कासयार्वीत धुराची सूचना देणारे अलार्मही बसवलेले आहेत, कारण बर्फ जळत नसला, तरी गाद्या, कातडी व बॅगा जळू शकतात. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांना छतापेक्षा स्लीपिंग बॅग अधिक त्रासदायक ठरते. अशांनी पुण्यातच कोणाकडून तरी टोपीची स्लीपिंग बॅग आणून घरी चार-पाच रात्री तिची चेन अंधारात, आतून, एका हाताने उघडण्याचा सराव करावा. हा सराव खरे तर सर्वांनीच करावा, कारण रात्री घाईने ओढलेली चेन अस्तरात अडकते आणि माणूस घाबरतो.

२०. मध्यरात्री अजिबात सहन झाले नाही तर? आणि हिमदंश झाला हे ओळखायचे कसे?

उबदार इमारत रात्रभर उघडी असते आणि तेथे जाऊन झोपण्यात काहीही कमीपणा नाही. बोटे गार पडली असतील, तर आधी बॅगेतच हातपाय ताणून व आखडून पाहावे, ओला कपडा असल्यास काढावा. हुडहुडी थांबत नसेल, बोलणे जड होत असेल किंवा सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर क्षणभरही न थांबता त्याला उबेत न्यावे आणि कर्मचाऱ्यांना बोलवावे.

योग्य बॅगेत, वाऱ्याविना, उणे ५ अंशांत झाकलेल्या त्वचेला हिमदंश होणे दुर्मीळ आहे. धोका बाहेर, उणे २५-३० अंशांत फिरताना असतो. नाकाचे टोक, कान, गाल वा बोटे पांढुरकी, मेणासारखी व बधिर झाल्यास तो भाग चोळू नये, त्यावर हिम तर मुळीच घासू नये. उबेत जाऊन कोमट, म्हणजे शरीराच्या तापमानाएवढ्या, पाण्यात तो भाग ठेवावा व डॉक्टरांना दाखवावे. हीटरपाशी किंवा शेकोटीजवळ शेकू नये, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही.

२१. मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मे-जूनमध्येच जमते. तेव्हा सगळे वितळलेले असते ना?

हिवाळी इमारत वितळलेली असते, पण युक्कासयार्वीत २०१६ पासून ‘आइसहॉटेल ३६५’ ही बारमाही इमारतही आहे. उन्हाळ्यात तिच्या शीतकरणासाठी सौरऊर्जा वापरतात. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही, म्हणजे जो सूर्य बर्फ वितळवायचा, त्याच्याच बळावर तो गोठलेला ठेवला जातो. आतील तापमान हिवाळ्याइतकेच असल्याने प्रश्न ७, ९ व १० मधील सर्व सूचना तशाच लागू होतात. फरक इतकाच, की बाहेर हवा सौम्य असते आणि जाड कपडे घालून उन्हातून खोलीपर्यंत गेल्यास वाटेतच घाम येतो. म्हणून कपडे हातात घेऊन जावे आणि प्रवेशद्वारापाशी चढवावेत. उत्तरेकडील आकाशातील रंगीत प्रकाश या दिवसांत दिसत नाही, त्यासाठी काळोखी रात्र लागते. आदल्या आणि नंतरच्या रात्री उबदार खोलीत झोपताना खिडकीतून मध्यरात्रीही ऊन येते, तेव्हा डोळ्यांवर बांधायची जाड पट्टी प्रत्येकासाठी एक, आठवणीने घ्यावी.